मुंबईच्या झाडांसाठी रिकामी जागा

मुंबईचं भविष्य पाहायला मी गोंदिया जिल्ह्यात गेले होते, असं म्हटलं की ऑफिसातले लोक हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी तिकडे कोणीच गेलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही जाणं आपखुशीचं नव्हतं.

माझं काम नकाशांचं. शहराचे आराखडे करणाऱ्या एका खासगी कचेरीत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. पुढच्या पिढीची मुंबई कशी असेल याची रंगीत चित्रं आमच्याकडे तयार होतात. त्यात समुद्र नेहमी निळा असतो आणि रस्त्यावर गाड्या मोजक्याच असतात. त्या वर्षी खाडीकाठाने जाणाऱ्या एका नव्या रस्त्याचं काम आमच्याकडे होतं. रस्त्याच्या आड तिवरांचं जंगल येत होतं. मी लहानपणी ज्या चाळीत राहिले तिच्या मागच्या बाजूला हीच तिवरं होती. भरतीला त्यांचे फक्त शेंडे दिसत आणि आई आम्हाला तिकडे जायला बंदी करी. आता ती तोडायची होती आणि तो नकाशा मी काढला होता. वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटणं माझ्या कामात बसत नव्हतं.

नियम असा की इथे जंगल तोडलं तर दुसरीकडे तेवढं लावून द्यायचं. मुंबईत कुंडी सोडली तर झाडाला जागा नाही. म्हणून राज्यभरच्या नकाशांतून रिकामी सरकारी जमीन शोधायला संगणकाला सांगितलं, आणि त्याने थेट देवरी तालुक्यातल्या, चिचगडच्याही पुढच्या एका गावाला बोट लावलं. जागा खरंच रिकामी आहे ना, एवढं पाहून यायचं आणि सही करायची. सही झाली की तिवरांवर कुऱ्हाड चालवायला परवानगी मिळणार होती.

त्या भागाशी माझी ओळख जुनी होती, पण कागदावरची. नव्याण्णव साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावोगावचे जुने नकाशे संगणकात उतरवायचं काम आमच्याकडे आलं होतं. मी नुकतीच अनुरेखक म्हणून लागले होते. अनुरेखक म्हणजे जुन्या नकाशावरून रेघा गिरवून नवा नकाशा तयार करणारी. अख्खा देवरी तालुका माझ्या हाताखालून गेला होता. तिथला एकेक नाला मला तोंडपाठ होता आणि तिथे कोणतं पीक येतं हे ठाऊक नव्हतं.

गोरेगाव

गोंदिया स्टेशनवर उतरल्यावर पहिला धक्का भाषेचा बसला. रिक्षावाला, चहावाला, पोहेवाला, सगळे हिंदीत. मी मराठीत विचारलं की ते हिंदीत उत्तर देत आणि आमचं व्यवस्थित जमत असे. तिथून एसटीने गोरेगावला गेले. (आमच्या मुंबईतही गोरेगाव आहे, हे मी कौतुकाने सांगितलं तेव्हा शेजारची बाई म्हणाली, “असन.” विषय तिथेच संपला.)

गोरेगावात ऑफिसातल्या एका मुलीचे मामा राहतात, रामटेके गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, शिडशिडीत, बोलण्यात मुलांना शिकवल्यासारखे थांबे घेणारे. पुढचे तीन दिवस ते माझ्यासोबत होते. घरात शिरताच समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. गुरुजींचे वडील छप्पन साली नागपूरला चालत गेले होते, ही गोष्ट पाणी द्यायच्या आधी सांगून झाली. त्यांच्या पत्नी सुमनताईंनी जेवायला वाढलं: भात, लाखोळीची डाळ, तळ्यातले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, तिला तिकडे वास्ते म्हणतात. आमच्याकडे भात शेवटी येतो. इथे भाताने सुरुवात होते, मध्येही भात आणि शेवटीही भातच. मी पोळीची वाट पाहतेय हे ताईंच्या लक्षात आलं आणि त्या मनसोक्त हसल्या.

“पण ताई, तुमी इतक्या दुरून कायले आल्या?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“मुंबईची झाडं तोडणार तिकडं, अन् लावणार इकडं?”

“हो.”

“मंग हवा कोनाले भेटन?”

गुरुजी म्हणाले, “अगं, त्या पाहुण्या आहेत.” मी तोंडात झिंगे असल्याचा फायदा घेतला.

चिचगडच्या पुढे

जुलैचा शेवट होता. पाऊस होऊन गेला होता आणि आठवडाभर उघाड पडली होती. चिचगडपर्यंत एसटी, पुढे गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याची उसनी मोटारसायकल. दोन्ही बाजूंना साग, मोह, मध्येच उघड्यावर भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आणि प्रत्येक गावाला एक तलाव. पूर्वीच्या लोकांनी मातीची पाळ घालून बांधलेले हे तलाव इतके आहेत की गुरुजी त्यांच्याकडे मान वळवूनही पाहत नव्हते. मी मात्र प्रत्येक तलाव मनातल्या नकाशाशी ताडून पाहत होते. आकार बरोबर, पाळ बरोबर. आपलं काम किती चोख होतं याचा मला अभिमान वाटत होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

आम्हाला जायचं होतं त्या गावाच्या अलीकडे एक लहान गाव लागलं. तिथे पाणी प्यायला थांबलो आणि माझ्या सँडलचा पट्टा तुटला. तलावाच्या पाळीवर एक म्हातारी कपडे धूत होती. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, आपल्या पायातल्या निळ्या रबरी चपला काढल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या.

“घाल बाई.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, घरीच हाये. येताना देऊन जाजो.”

नाव विचारायचंही राहिलं. तलावात कमळाची पानं होती आणि पाणी अगदी पाळीपर्यंत आलं होतं, एवढं आठवतं.

पुढे रस्ता दोन ठिकाणी फुटत होता. गुरुजींचं म्हणणं, पाळीवरून वळसा घालून जाऊ. माझ्या हातात नकाशा होता आणि नकाशात सरळ वाट होती. मी ठाम राहिले. ती वाट उन्हाळ्यात असेलही. जुलैत ती भाताची बांधी होती. गाडी मधोमध रुतली, मी उतरले ती पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या पंधरा-वीस बायका कमरेत वाकलेल्या होत्या त्या सरळ उभ्या राहून आम्हाला पाहू लागल्या. त्यांच्यातली साठीची, काळीसावळी, काटक बाई पुढे आली. तिने चिखलात हात घालून म्हातारीची चप्पल आधी शोधून काढली आणि मग मला.

“कागद पाहून चालून राहिल्या का? खाली पाहा नं!”

त्यांचं नाव शेवंताबाई. ढिवर समाजाच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलावावर मासेमारी करणाऱ्या. गावातल्या बायांचा गट त्यांच्या शब्दावर चालत होता. आम्ही त्यांच्याकडेच उतरणार आहोत हे गुरुजींनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मंग तं बरं झालं, इथंच सापडल्या.”

संध्याकाळी त्यांनी तलाव दाखवला. मला वाटलं होतं तलाव म्हणजे पाणी. शेवंताबाईंचा तलाव म्हणजे शेत होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बाया तळ नांगरून घेत, माजलेलं बेशरम नावाचं तण मुळासकट उपटत, आणि पावसाने पाणी धरलं की दुसऱ्या तलावांतून आणलेले पाणगवतांचे गड्डे हाताने चिखलात रोवत. गवत असलं तर मासा अंडी घालतो. काठाला आपोआप उगवणारं देवधान होतं, उपासाला खायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी या तलावात बेशरमशिवाय काही उरलं नव्हतं आणि पुरुष मजुरीला नागपूरकडे गेले होते. हे सगळं बायांनी परत आणलं होतं. ही गोष्ट त्यांनी तक्रारही न करता, बढाईही न मारता सांगितली.

पडीक

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जागा पाहायला गेलो. तलावाच्या वरच्या अंगाला हलका चढ, गुडघाभर गवत, तुरळक मोह, चरणारी गुरं. माझ्या कागदावर तिथे एकही रेघ नव्हती. फक्त “पडीक”. मी शेवंताबाईंना आराखडा समजावला: इथे ओळीने खड्डे, सागाची रोपं, आणि ओल धरावी म्हणून उताराला आडवे चर.

“चर कायले?”

“पाणी वाहून जाऊ नये म्हणून. जिथल्या तिथे मुरावं.”

त्यांनी चढाकडे आणि खाली तलावाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मॅडम, हा येवा हाये.”

“म्हणजे?”

“पानी येते ते इथून येते. इथं अडवलं तं तरावात काय येईन?”

मी म्हटलं, नकाशात तर इथे नाला नाही, ओढाही नाही.

“तुमच्या नकाशात नसन. पानी तं दरसाल येते.”

गुरुजी आभाळाकडे पाहत होते. आठवडाभराची उघाड त्याच वेळी मोडली. सर कोसळली, छत्री उलटी झाली, आम्ही तिघं एका मोहाखाली उभे राहिलो. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती रिकामी जागा भरू लागली. पाणी सगळीकडून सारखं वाहत नव्हतं. गवतातून बारीक-बारीक धारा निघाल्या, कुठे दिसत, कुठे गवताखाली नाहीशा होत, पुन्हा वीतभर पुढे दिसत. पाच-सहा ठिकाणांहून अशा तुटक धारा उतरत, एकमेकींना मिळत, हाताच्या पंजासारख्या तलावाकडे गेल्या. एक माझ्या उसन्या चपलांवरून गेली. नाला कुठेच नव्हता, म्हणूनच तो कोणी काढला नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण ती आकृती मी पूर्वी कुठेतरी पाहिली होती.

कुठे, ते घरी परतल्यावर कळलं. शेवंताबाईंनी मच्छीमार संस्थेची पत्र्याची पेटी उघडली. आत गावाचं जुनं निस्तार पत्रक होतं. गावाच्या सामायिक जमिनी कशासाठी राखलेल्या आहेत याची विदर्भात फार पूर्वीपासून अशी नोंद असते. त्यात माझ्या पडीक जमिनीपुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: तलावाचा येवा व गुरचराई. त्याच्याखाली घडी केलेला कापडी नकाशा होता. तो जमिनीवर पसरला आणि मी त्यावर वाकले. तलावाच्या वर, तांबूस शाईत, पंजासारख्या तुटक रेघा.

नव्याण्णव साली आमच्याकडे आलेल्या प्रती म्हणजे अशाच कापडी नकाशांच्या झेरॉक्स होत्या. काळ्यापांढऱ्या. त्यांत तलावांच्या वर अशा फिकट रेघा दिसायच्या. आमच्या खुणांच्या यादीत ती खूण नव्हती. मी त्या कापडाच्या घड्या समजले. एका नकाशात समजले, मग सगळ्यांतच समजले. वरिष्ठाने विचारलं तेव्हा मी आत्मविश्वासाने म्हणाले होते, “सुरकुत्या आहेत, सर.” आणि त्याने शाबासकी दिली होती, कारण नकाशे स्वच्छ दिसत होते.

“ह्या रेघा तुमच्या कागदात काऊन नाही?” शेवंताबाईंनी विचारलं.

गुरुजीही माझ्याकडे पाहत होते. सांगायला हवं होतं. त्या बाईने मला चिखलातून काढलं होतं, आपल्या घरातली एकुलती गादी मला दिली होती.

“छापताना राहिल्या असतील,” मी म्हणाले.

“मंग आता छापा,” त्या म्हणाल्या, आणि झिंगे निवडायला बसल्या.

इटियाडोह

तिसऱ्या दिवशी निघताना पावसाने आल्या वाटेवरचा नाला चढला होता. म्हणून आम्ही जंगलातून दुसऱ्या बाजूने, इटियाडोह धरणाकडून बाहेर पडलो. निळ्या चपला माझ्याच पायात राहिल्या. गुरुजी म्हणाले, पाठवून देऊ कोणाच्या तरी हाती.

धरण भरत आलं होतं. खाली नजर पुरेल तिथपर्यंत भाताचं हिरवं. पाहताना छाती भरून येते हे खरं. भिंतीवर उभं राहून गुरुजींनी खिशातून भाजलेले शेंगदाणे काढले आणि म्हणाले, “हे धरण नकाशात कोणी विसरेल का, मॅडम?”

“नाही.”

“लहान आहे ते विसरतात.” मग शिक्षकाचा थांबा घेऊन, “तुम्हाला रेघा पाहून घाम आला होता. मी विचारणार नाही.”

त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. मी शेंगदाणे खात राहिले आणि मनाशी ठरवलं की या गावाला काही होऊ द्यायचं नाही.

परत

आणि मी ते केलं. निस्तार पत्रकाची प्रत, कापडी नकाशाचे फोटो, पावसातले फोटो, सगळं जोडून लिहिलं: जागा रिकामी नाही, वगळावी. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाच मिनिटांत वाचलं आणि म्हणाले, “बरं झालं गेलीस. काढून टाकू.” मी शेवंताबाईंना फोन केला. त्यांनी तो फोन सगळ्या बायांना ऐकवला. आयुष्यात कधी नव्हे ते मला आपल्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी साहेबांनी नवी जागा दाखवली. एक जागा गेली म्हणून संगणकाने जवळचीच पुढची उचलली होती. अलीकडचं गाव. कमळांचा तलाव, त्याच्या वरच्या अंगाला कोरा कागद. माझाच कोरा कागद.

“जाऊन पाहायला हवं,” मी म्हणाले.

“आता वेळ कुठे आहे? तू तर तो भाग पाहून आलीस. ठीक वाटला ना?”

तिथेही रेघा असणार हे मला माहीत होतं. तालुक्यातल्या प्रत्येक तलावावर असणार, कारण प्रत्येकावरच्या मीच पुसल्या होत्या. पण तसं सांगायचं तर सुरकुत्यांची गोष्ट सांगावी लागली असती, अख्खं काम मागे गेलं असतं, आणि मी नुकतीच एक गाव वाचवणारी बाई झाले होते. ते समाधान मला इतक्यात सोडवत नव्हतं. मी सही केली.

रस्ता झाला. तिवरं गेली. आमच्या चाळीच्या मागे आता भरती येते ती काँक्रीटवर आपटून परत जाते. मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते आणि पूर्वीपेक्षा लवकर पोचते. भविष्यातल्या मुंबईच्या नव्या चित्रात दूर कुठेतरी लावलेल्या जंगलासाठी आम्ही एक हिरवा चौकोन दाखवतो. तो मी रंगवते.

शेवंताबाई दर पावसाळ्यानंतर फोन करतात आणि कोणा येणाऱ्याजाणाऱ्यासोबत वाळवलेल्या झिंग्यांची पुडी पाठवतात. दोन-तीन वर्षांनी असाच फोन आला. तलाव भरला, देवधान चांगलं आलं, तुमी एकदा पाहायले या, असं सगळं झालं. मग म्हणाल्या, “अलीकडच्या गावचा तराव मात्र यंदाही नाही भरला. दुसरं साल हाये. तिथल्या बाया इकडं येऊन राहिल्या मजुरीले. पाऊस तं सारखाच पडला. काऊन नाही भरला, कोनाले समजून नाही राहिलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुमी आमचं वाचवलं, मॅडम. तुमाले समजन. येता का एकदा पाहायले?”

“बघते,” मी म्हणाले.

निळ्या चपला अजून माझ्याकडेच आहेत.